बत्तीस एकरांचा भरवसा

कुंडल रोड स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. उतरणारे तुम्ही एकटेच. गाडी मिरजेकडे निघून जाते, रुळांचा आवाज विरतो आणि मग ऐकू येतो तो फक्त वारा. मार्च १९१० चालू आहे. सकाळचे नऊ वाजले नसतील, तरी ऊन आत्ताच डोक्यावर टेकलंय.

रुळांच्या पलीकडे नजर टाका. छातीएवढा निवडुंग, मधेमधे मुरमाड उघडी जमीन, एखादी बाभळ. सावलीला म्हणून झाड शोधलं तर सापडत नाही. पाच-पंचवीस माणसं कोयत्यानं निवडुंग तोडतायत, ढीग रचतायत आणि पेटवतायत. ओल्या निवडुंगाचा धूर डोळ्यांत जातो. कुणी तरी ओरडतं, चारजण काठ्या घेऊन धावतात. साप निघाला. आज सकाळपासूनचा हा कितवा, ते कुणी मोजत नाही.

कडेला बसलेला एक म्हातारा तुम्हाला न्याहाळतोय. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं.

"पावनं, कुठलं म्हनायचं?"

तुम्ही लांबचे असल्याचं सांगता आणि इथं काय चाललंय म्हणून विचारता.

"बेळगावचा कुनी किर्लोस्कर आलाय. नांगराचा कारखाना काढनार हाय म्हनं. लोकंडाचा नांगुर!" तो मान हलवतो. "लोकंड घातलं की जमिनीत ईख उतरतंया. पीक जळून जाईल की वो."

हसू नका. म्हातारा अडाणी म्हणून असं बोलत नाही. जमीन एवढीच त्याची ठेव आहे, आणि तिच्यावर परका प्रयोग करू द्यायला तो तयार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर बेळगावात दोन वर्षं गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिला, तो याच धास्तीपायी.

तो बघा, ढिगापलीकडे उभा आहे तो माणूस. चाळिशीचा. जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. तेव्हा रंग सोडले, यंत्रांची रेखाचित्रं धरली. व्हीजेटीआयमध्ये तो विषय शिकवला. तिथं बढतीत डावललं गेलं म्हणून नोकरीवर पाणी सोडलं आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. धंदा कुठं मूळ धरतोय तोवर नगरपालिकेचं फर्मान आलं: या जागेवर शहराची नवी वस्ती व्हायची आहे, कारखाना हलवा.

बेळगावच्या त्या नोटिशीपाशी घटकाभर थांबा, कारण सत्ता बहुतेक वेळा अशीच येते. तिच्यात दुष्टपणा नसतो. नकाशावर एक रेघ असते, तिच्या आत कुणाची तरी दहा वर्षांची मेहनत सापडते आणि रेघ मारणाऱ्याला त्या मेहनतीचं नावही ठाऊक नसतं. अशा नोटिशीनं किती कारखाने, किती शाळा, किती माणसं संपली, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. किर्लोस्करांचं नावही तसंच पुसलं गेलं असतं.

ते पुसलं गेलं नाही ते औंध संस्थानामुळे. औंधच्या गादीवर १९०९ साली भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. लक्ष्मणराव तेव्हा औंधला यमाईच्या देवळाच्या मंडपाचं काम करत होते. राजांना त्यांची अडचण कळली. राजांनी त्यांना संस्थानातली बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे हाच निवडुंगाचा माळ, रुळांच्या कडेचा. पुढं त्याचीच किर्लोस्करवाडी झाली.

आता माळावर उभं राहून हिशेब करा. औंध म्हणजे काही बडोदं नव्हे. अवघी बहात्तर गावं, तीही सलग नाहीत. एक तुकडा साताऱ्याकडे, एक आटपाडीच्या दुष्काळी मुलखात, एक पार विजापुराकडे. गोधडीला ठिगळं असावीत तसं संस्थान. पाऊस बेताचा, महसूल त्याहून बेताचा. अशा दौलतीतले दहा हजार रुपये एका विस्थापित सायकलवाल्याच्या हाती, आणि तेही जो नांगर शेतकरी विकत घ्यायला तयार नाहीत त्याच्यासाठी! कुठल्याही शहाण्या कारभाऱ्यानं ही रक्कम बुडीत खाती मांडली असती. राजांनी माणूस पाहिला. भवानराव स्वतः चित्रकार होते, हातानं काम करणाऱ्याची पारख त्यांना असावी, असं मला वाटतं. माझ्या मते महाराष्ट्राच्या उद्योगांच्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा भरवसा आहे.

दिवस मावळेपर्यंत इथंच थांबा. रामूअण्णा दोरी धरून रस्ते आखतायत. कारखान्याआधी गावाची आखणी चाललीय, हे लक्षात घ्या. शंभुराव जांभेकर बेळगावहून आलेल्या यंत्रांच्या पेट्या उघडतायत. मंगेशराव रेगे वही घेऊन बसलेत. यांतल्या एकाच्याही हाती इंजिनिअरिंगची मोठी पदवी नाही. सहा वर्षांचा एक मुलगा धुळीत खेळतोय. तो शंतनु, लक्ष्मणरावांचा थोरला. पुढं तो अमेरिकेत एमआयटीत शिकेल आणि या वाडीतून ऑइल इंजिनांचा उद्योग पुण्यापर्यंत नेईल. आज त्याच्या गुडघ्यात निवडुंगाचा काटा मोडलाय आणि तो रडतोय.

रात्री पत्र्याच्या शेडमध्ये तुम्हाला अंथरूण मिळतं. झोप लागत नाही. बाहेर कंदील घेऊन कुणी तरी फेऱ्या घालतंय, काठीचा ठोका ऐकू येतोय. सकाळी चौकशी करता तेव्हा कळतं, रातच्या राखणदाराच्या नावावर गुन्हे आहेत. तुरुंगात शिक्षा भोगून आलेला माणूस. गावात त्याला कुणी उभं करत नव्हतं. लक्ष्मणरावांनी त्याच्या हाती कारखान्याच्या राखणीचं काम दिलं, त्याच्यासारख्या आणखी एकाच्याही. हत्यारं, लोखंड, पगाराचे पैसे, सगळं त्यांच्या पहाऱ्यात. राजानं आपल्यावर टाकलेला भरवसा लक्ष्मणरावांनी एक पायरी खाली उतरवला. मला तर या वाडीच्या पायात हाच पहिला दगड दिसतो.

इथून पुढची काही वर्षं भरभर ओलांडा. शेतकऱ्यांची भीती मोडते. नांगर विकला जाऊ लागतो, कारण शेजाऱ्याच्या रानात पीक जळालेलं नाही, उलट नांगरट खोल झालीय. पहिलं महायुद्ध लागतं आणि लोखंड मिळेनासं होतं. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज आपल्या संस्थानातल्या निकामी जुन्या तोफा वितळवायला देतात. भट्टीपाशी जा. एके काळी गडावर धुरळा उडवणारी ती ओतीव नळी लाल होते, मऊ पडते, आणि चार दिवसांनी तिचे फाळ होऊन बैलगाडीतून गावोगाव जातात. दगडी कोळसा नाही तर लाकडी कोळसा. काम अडू द्यायचं नाही, एवढा एकच नियम. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघतं, वाडीच्या माळावरून एक मासिक महाराष्ट्राच्या घरांत शिरतं. १९३० साली 'स्त्री'. नांगराच्या कारखान्यानं बायकांसाठी मासिक काढावं, हे कुठल्या धंद्याच्या गणितात बसतं? पण ते निघालं आणि घराघरांत वाचलं गेलं.

औंधच्या मुलखात असे आणखीही काही जण येऊन विसावले होते. कराडजवळ ओगल्यांचा काचकारखाना १९१६ साली उभा राहिला आणि त्या जागेचीही ओगलेवाडी झाली. 'प्रभाकर' कंदील आजीच्या घरी पाहिला असेल तर त्याची काच याच मुलखातली. श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या मागं ब्रिटिशांचा ससेमिरा होता. १९१८ च्या सुमारास त्यांनी औंधला स्वाध्याय मंडळ थाटलं आणि तीस वर्षं तिथून वेदांची पुस्तकं छापली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या कामालाही पहिला मोठा हात भवानरावांनीच दिला, एक लाख रुपयांचा. ज्याला इतर दारं बंद, त्याला औंधचं दार उघडं. एका लहानशा, गरीब संस्थानाच्या अंगणात हे सगळं घडत होतं, आणि बाजूच्या खालसा मुलखात कलेक्टर वसुलीचे आकडे जुळवत होते.

आता औंधला चला. नोव्हेंबर १९३८. थंडी पडू लागलीय. टेकडीवर यमाई, पायथ्याला गाव, वाडा. पहाटे वाड्याच्या मागं डोकावलात तर सत्तरीचे राजे सूर्यनमस्कार घालताना दिसतील. एक दिवस चुकवत नाहीत. याच व्यायामाचा प्रसार त्यांनी सबंध संस्थानातल्या शाळांत केला, त्यावर पुस्तकं लिहिली. श्वास संथ, पाठ ताठ.

आज राजांचा वाढदिवस आहे. गर्दीत तुम्ही मागं उभे आहात. शेतकरी, कारकून, शाळेची मुलं. दरबार म्हटल्यावर लोक काय अपेक्षा करतात? साखर, एखादी सूट, फार तर शेतसाऱ्यात थोडी माफी. राजे वाचू लागतात, आणि हळूहळू कुजबूज थांबते. संस्थानाचा कारभार यापुढं प्रजेच्या हाती राहील. राजा नावाचा राहील. तुमच्या शेजारचा माणूस दुसऱ्याच्या कानाला लागतो: "काय म्हनालं महाराज? कुनाच्या हाती?"

त्याला पटकन समजत नाही, यात त्याचा दोष नाही. त्याच वर्षी राजकोटात प्रजा हक्क मागतेय आणि तिच्यावर लाठ्या चालतायत. हैदराबादेत सत्याग्रही तुरुंगात जातायत. देशभर संस्थानिक हाती आहे ते घट्ट धरून बसलेत. आणि इथं, कुणी वाड्याला वेढा दिला नाही, तरी राजा आपणहून उठून किल्ल्या पुढं करतोय.

यामागं दोन माणसं आहेत, त्यांच्याकडे बघून घ्या. एक राजांचा मुलगा आप्पा पंत, विलायतेत शिकून आलेला. दुसरा मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा ज्यू इंजिनिअर. बंगळूरला विजेच्या कारखान्यात अधिकारी होता, गांधींच्या नादानं खादी नेसू लागला, भारतानंद झाला. दोघं गांधींकडे गेले. गांधींनी आराखड्यात स्वतः लक्ष घातलं: गावानं आपली पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती, तिच्यातून संस्थानाचं विधिमंडळ. पैसा गावाकडे वळवायचा आणि न्याय गावातच मिळायला हवा. जानेवारी १९३९ मध्ये ती घटना लागू झाली. स्वतंत्र भारताची घटना यायला अजून अकरा वर्षं होती.

राजा कशासाठी असं करेल, असं तुमच्या मनात येणारच. मलाही हा प्रश्न बराच काळ पडला. इंग्रज जाणार हे दिसत होतं, मुलानं आग्रह धरला, गांधींचं वजन होतं, ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती कारणं इतर संस्थानिकांपुढंही होती. भवानरावांपुढं आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे कुंडलचा माळ. ज्या माणसाला कुणी उभं करत नाही त्याच्या हाती जमीन आणि पैसा दिला, स्वतः बाजूला झालं आणि निवडुंगाच्या जागी गाव उठलं, हे त्यांनी तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. इतकं पाहिलेल्या माणसाला प्रजेवर भरवसा टाकणं अवघड जात नाही, असा माझा समज आहे.

पुढच्या महिन्यांत आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या गावी चावडीसमोर बसा. पहिली पंचायत निवडली गेलीय. पाच पंच गोणपाटावर बसलेत, अवघडून. वर्षानुवर्षं वर बघायची सवय असलेल्या माणसांना आता एकमेकांकडे बघायचंय. विहिरीच्या दुरुस्तीवरून तासभर वाद चालतो. एकजण रागानं उठून जातो, मग चिलीम ओढून परत येतो. सहज जमणारं हे काम नव्हे. काही गावांत जुने पाटीलच नव्या पंचायतीवर बसले, काही गावांत भावकीची भांडणं पंचायतीत आली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण विहीर कुणी बांधायची हे पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या साहेबाला विचारावं लागलं नाही, आणि ती बांधल्यावर तिच्या गळक्या भिंतीचा जाब विचारायला समोरच माणूस होता.

आटपाडीहून थोडं पुढं गेलात तर नांगरलेल्या रानात एक वसाहत लागते. संध्याकाळ झालीय. एक माणूस मोट सोडून बैलांना पाणी दाखवतोय, बायको चुलीपुढं भाकरी थापतेय, पोर अंगणात लोळतंय. कुठल्याही वस्तीवर दिसेल तसं दृश्य. मग तुम्हाला सांगितलं जातं की तो माणूस खुनाच्या शिक्षेतला कैदी आहे. बेड्या नाहीत. दाराला कुलूप नाही. पळून जायचं असेल तर चहूकडे मोकळा माळ आहे. फ्रीडमनच्या डोक्यातून निघालेली आणि संस्थानानं उचलून धरलेली ही वसाहत, नाव स्वतंत्रपूर. तीस वर्षांपूर्वी किर्लोस्करांच्या शेडबाहेर कंदील घेऊन फिरणारा तो राखणदार आठवतो का? त्याच मुलखातल्या माडगुळ्याचा एक पोरगा औंधच्या शाळेत शिकला होता. त्या ग. दि. माडगूळकरांनी पुढं कैद्यांच्या या वसाहतीवरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिच्यावर 'दो आँखें बारह हाथ' काढला.

१९४३. पुन्हा कुंडल, पण यावेळी स्टेशन नको, गाव. रात्रीची वेळ, पडवीत मिणमिणता दिवा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं वावरतंय, जी. डी. बापू लाड याच गावचे. कुंडल औंध संस्थानात आहे, म्हणून ब्रिटिश मुलखातल्या पोलिसांना इथं पाऊल टाकताना विचार करावा लागतो. औंधच्या राजानं क्रांतिकारकांचा जयजयकार केला नाही, पण त्यांना धरूनही दिलं नाही. गावोगाव न्याय निवाडे करणारं, सावकाराला जाब विचारणारं ते सरकार ज्या मातीत वाढलं, तिथली माणसं आपला कारभार आपण करायचं शिकू लागली होती. सगळं श्रेय औंधच्या घटनेला देणं चुकीचं ठरेल. पण कुंडलचं भूगोलातलं ठिकाण आणि तिथल्या राजाचा स्वभाव, दोन्ही मोजल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आता जड पावलांनी १९४८ कडे या. फेब्रुवारी. गांधींचा खून होऊन थोडेच दिवस झालेत. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळतायत. किर्लोस्करवाडीत जमाव शिरलाय. यंत्रांचे साचे, लाकडी नमुने, गोदामं, सगळ्याला आग. ओल्या निवडुंगाचा तो जुना धूर तुम्हाला आठवतो, पण हा धूर वेगळा आहे. अडतीस वर्षांत उभं केलेलं एका दिवसात काळं होऊन पडतं. भरवशावर उभ्या राहिलेल्या गोष्टीला तटबंदी नसते, हे इथं उभं राहून मान्य करावंच लागतं. जवळच्या गावांतल्या माणसांचे हातही त्या जमावात होते, हे त्या राखेपाशी उभ्या असलेल्यांना सर्वांत जास्त लागलं असेल.

कारखाना पुन्हा उभा राहिला. राखेतून यंत्रं उपसली, नमुने नव्यानं केले, भट्टी पेटली. जमीन विकून दुसरीकडे जायचं, हा सोपा मार्ग कुणी धरला नाही. वाडी तिथंच राहिली.

औंधचं मात्र तसं झालं नाही. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली, त्यांत औंधही गेलं. नऊ वर्षांची ती घटना दप्तरात गुंडाळली गेली. गावांनी आपल्या हातानं चालवलेल्या पंचायती मोठ्या राज्याच्या मोठ्या यंत्रणेत मिसळल्या आणि निर्णय पुन्हा लांब गेले. विलीनीकरण योग्यच होतं, देश एक व्हायलाच हवा होता. पण औंधच्या त्या नऊ वर्षांतून काय घ्यावं, हे विचारायला नव्या राज्यकर्त्यांकडून कुणी आलं नाही. ही चूक होती, असं मी स्पष्ट म्हणतो. भवानराव १९५१ च्या एप्रिलमध्ये गेले, लक्ष्मणराव १९५६ च्या सप्टेंबरात.

परतीच्या गाडीत बसण्याआधी एक करा. औंधच्या टेकडीवर भवानरावांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, तिथं जाऊन या. रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रं आहेत. हेन्री मूरचं शिल्पही आहे. मुलांना बरोबर न्या आणि हे सगळं जमवणारा राजा कोण होता ते त्यांना सांगा. मग उतरून मिरजेच्या गाडीनं किर्लोस्करवाडीला या. कुंडल रोड हे नाव आता स्टेशनावर नाही. तिथून आटपाडी फार लांब नाही. स्वतंत्रपूर आजही राज्याच्या तुरुंग खात्याची खुली वसाहत आहे, आणि तिथले कैदी आजही शेती करतात.